जिन्यावरून डावीकडे

२ जानेवारी

शाळा सुटली की आम्ही दोघी बहिणी हातात हात घालून कोपऱ्यापर्यंत यायचो. तिथे रस्ता दुभंगायचा आणि आमचं भांडण सुरू व्हायचं. ताईला उजवीकडून जायचं असे, कारण त्या बाजूला बेकरी होती आणि वास फुकट मिळायचा. मला डावीकडून, कारण तिकडे सुताराचं दुकान होतं आणि दारात रंध्यातून निघालेल्या कुरळ्या ढलप्या पडलेल्या असत. मोठी ती, त्यामुळे रोज वासच जिंकायचा. एकदा मात्र तिने माझा हात सोडला आणि म्हणाली, "जा बाई तू तुझ्या वाटेने." दोघी आपापल्या बाजूने जीव खाऊन पळालो. फाटकाशी पोचलो त्या अगदी एकदम. इतक्या हसलो की आईने विचारलं, "कोणाची खोड काढून आलात?"

एवढीच गोष्ट. पण आज दिवसभर तीच मनात घोळत होती, कारण आज मी दुकान उघडलं, आणि पहिला माणूस जिना चढून आला, चौकात क्षणभर थांबला आणि उजवीकडे वळला. मी डावीकडे आहे.

इमारतीचा जिना सरळसोट आहे. खाली चपलांचं दुकान, मधल्या चौकात समोरासमोर दोन दारं, आणि जिना तसाच वर चढत गेला की दातांचे डॉक्टर. चौकातलं उजवं दार घड्याळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचं. डावी खोली रिकामी पडली होती, ती मी घेतली. दारावर पाटी लावली: 'रफू, काजं, बटणं, झिपा'. जन्मभर मुलींना शिवण शिकवलं. निवृत्त झाल्यावर हात नुसते मांडीवर ठेवून बसवेना.

ताईशी बोली झाली आहे. तिच्या मुलाचं नवं घर मेपर्यंत तयार होईल. तो आम्हा दोघींनाही बोलावतो आहे. ताई जाणारच, तिला नातीचे लाड करायचे आहेत. मी म्हटलं, दुकान चाललं तर मी इथेच राहीन, नाही चाललं तर मुकाट्याने तुझ्यामागून येईन. ताई म्हणाली, "मुकाट्याने? तू?"

९ जानेवारी

सगळे उजवीकडेच वळतात. माझा भ्रम असेल म्हणून मी टेबलावर दोन बरण्या ठेवल्या आहेत. कोणी उजवीकडे वळलं की उजव्या बरणीत एक बटण टाकायचं, डावीकडे वळलं की डाव्या. उजवी बरणी निम्मी भरली. डावीत तळाशी चार बटणं एकमेकांची तोंडं बघत पडली आहेत, आणि त्यातलं एक पोस्टमनचं आहे, ज्याला यावंच लागतं.

का बरं असं? कठडा उजव्या हाताला आहे, तो हात माणसाला आपल्याकडे ओढत असेल. की पिशवी डाव्या हातात असते म्हणून त्या बाजूला वळणं जड जातं? बागेत जाऊन पाहिलं. कारंज्याला फेरी मारणारे बहुतेक डावीकडून निघतात. म्हणजे गोल फिरायचं असेल तर डावीकडे आणि कामाला जायचं असेल तर उजवीकडे? तसं असेल तर माझं दुकान लोकांना कामाचं वाटत नसणार.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला व्हरांड्यातून डाव्या बाजूने, ओळीने, न बोलता चालायला लावत. लिहायचं मात्र उजव्या हाताने. मी डावखुरी. सिस्टर पेन काढून दुसऱ्या हातात देत, रागावून नव्हे, टेबल पुसावं तितक्या सहजपणे. शिवणाच्या सिस्टर वेगळ्या. त्या म्हणाल्या, "सुईला कोणता हात आहे ते कळत नाही, तू शिव." म्हणून माझा उजवा हात शिकलेला आणि डावा सुखी.

१० जानेवारी

बरण्यांचा प्रयोग ताईला सांगितला. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "अगं, पण उजवं कोणाचं? चढणाऱ्याचं की उतरणाऱ्याचं? दातवाल्यांकडून खाली उतरणाऱ्याला तू उजवीकडे आहेस."

मी खुर्चीवर बसूनच राहिले. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बरण्या रिकाम्या करून पहिल्यापासून सुरुवात करायला हवी.

"त्यापेक्षा लोकांना नुसतं उतरायलाच लाव," ताई म्हणाली आणि आपल्याच विनोदावर हसत सुटली.

२३ जानेवारी

ताईचं म्हणणं खरं निघालं. डॉक्टरांकडून खाली येणारे खरंच माझ्या दारात शिरतात. गाल सुजलेला, तोंडात कापूस. बाकावर बसतात, भिंतीकडे बघतात. त्यांना बोलता येत नाही, त्यामुळे नको म्हणता येत नाही. एकाच्या सदऱ्याची कॉलर उलटून दिली, तेवढ्यात त्याची भूल उतरली आणि तो आभार मानण्याऐवजी कळवळला.

आज समोरचे घड्याळवाले प्रथमच आले. उंच, किंचित वाकलेले, कपाळावर भिंग चढवलेलं. दारातच उभे राहिले.

"बाई, येऊ का?"

"या की. दुकान आहे, देव्हारा नाही."

हातात कोट होता. मधलं बटण तुटलेलं. बटण त्यांनी खिशात जपून ठेवलं होतं. माणूस व्यवस्थित आहे. मी म्हटलं, "दोरा अगदी सुबक तुटलाय. सहसा असा तुटत नाही, आधी झिजतो."

ते म्हणाले, "हल्ली दोरे कच्चे येतात."

खरं आहे. मी दुहेरी दोऱ्याने लावून दिलं, खाली बारीक आधाराचं बटणही घातलं. आता जन्मात निघणार नाही.

६ फेब्रुवारी

निघालं. म्हणजे तेच नाही, त्याच्या खालचं. बिचाऱ्यांचे कपडे कोण धुतं कोण जाणे.

कोट शिवेपर्यंत ते बाकावर बसून होते. मी विचारलं, "तुम्ही कोणत्या कुशीवर झोपता?" आणि मग जीभ चावली. पण त्यांनी प्रश्न नीट तपासायला घेतल्यासारखा घेतला. म्हणाले, "आधी उजव्या. मग पहाटे कधी तरी डाव्या. मध्ये काय होतं ते माहीत नाही, मी झोपलेला असतो."

मी त्यांना बरण्या दाखवल्या. त्यांनी भिंग डोळ्यावर ओढून डाव्या बरणीच्या तळाकडे बराच वेळ पाहिलं. "एवढीच?"

"एवढीच. मेमध्ये बहुतेक भाच्याकडे जावं लागेल."

त्यांनी भिंग पुन्हा कपाळावर सारलं. कोट घालून गेले.

१२ फेब्रुवारी

घड्याळवाल्यांच्या खोलीत, दारासमोर, एक भलंमोठं लंबकाचं घड्याळ असायचं. आज सकाळी ते उचलून माझ्या दाराशेजारच्या भिंतीवर आणून टांगलं. म्हणाले, "माझ्या भिंतीला ओल आलीय, बाई. लाकूड फुगतं. तुमची हरकत नसेल तर राहू दे इथे."

माझी कसली हरकत? उलट सोबत झाली. दुपारी ऊन लंबकावर पडतं आणि चौकात एक सोनेरी ठिपका इकडून तिकडे झुलत राहतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्याचा कशावरच राग नाही.

ताईने त्यांचं नाव 'टिकटिक' ठेवलं आहे.

२ मार्च

नवल! लोक डावीकडे वळू लागले आहेत. डावी बरणी भराभर वर येते आहे. जिना चढून आले की मान डावीकडे वळते, मग पाय, मग माणूस माझ्या दारात. "इथे रफू करतात होय?" म्हणतात. एकीने लग्नातला शालू आणला, उंदीर लागल्यासारखा कुरतडलेला. एक म्हातारा गृहस्थ मोजे घेऊन आला. म्हणाला, बायको असताना तीच करायची. त्याचे मोजे मी असे रफू केले की कुठे भोक होतं ते मलाच सापडेना.

कारण काय असावं? मला वाटतं ऋतू. थंडीत माणूस आवळलेला असतो, रोजच्याच बाजूला जातो. ऊन वाढलं की मन सैल पडतं आणि डावीकडेही जाऊन बघावंसं वाटतं. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या तोंडावर डोळे आहेत की बटणं?"

"म्हणजे?"

"काही नाही. चहा घे."

९ मार्च

घड्याळवाल्यांचा कोट पुन्हा आला. या वेळी बाहीचं बटण. खिशात जपलेलं होतंच. तुटतं पण हरवत मात्र कधी नाही, एवढं त्यांचं नशीब चांगलं.

कोट द्यायला समोर गेले तर त्यांच्याकडे शुकशुकाट. बाक रिकामा. ते आपले एका गजराच्या घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसलेले. मला एकदम चोरट्यासारखं झालं. लोक डावीकडे वळले म्हणजे उजवीकडे वळायचे थांबले, हा साधा हिशोब मी केलाच नव्हता. माझं चाललं तर त्यांचं बसतं.

त्यांना काही विचारलं नाही. पण आता मी ठरवलंय. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं.

२० मार्च

सांगते आहे. "तुमचं घड्याळ जरा मागे आहे वाटतं, समोर दाखवून घ्या." "पट्टा विरलाय बघा, आत्ता समोर जा, तोवर मी काज करून ठेवते." शालूवालीकडे घड्याळच नव्हतं, तिला म्हटलं, भिंतीवरचं तरी असेल घरी.

आज पोस्टमन भडकला. भला माणूस आहे, पण आज उन्हातून आला होता.

"मावशी, तुमचं दोघांचं चाललंय काय? सकाळी मी त्यांना टपाल द्यायला गेलो, तर म्हणतात, तुझ्या खिशाची शिवण उसवलीय, बाईंकडे जा. इकडे आलो तर तुम्ही म्हणता, घड्याळ मागे आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणतात, टोपीची पट्टी लोंबतेय. मी काय लंबक आहे?"

"ते माझ्याकडे पाठवतात?"

"सगळ्यांना पाठवतात! कोणी नुसतं घड्याळाला किल्ली देऊन घ्यायला आलं तरी त्याची बटणं ओढून बघतात. आणि ते धूड," त्याने लंबकाच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, "ते इथे आलं तेव्हापासून जो येतो तो आधी वेळ बघायला इकडेच वळतो. मीसुद्धा."

तो गेल्यावर मी चौक ओलांडून समोर गेले. घड्याळवाले बाहेर चहाला गेले होते. त्यांच्या त्या भिंतीवर हात ठेवला. कोरडी ठणठणीत.

२१ मार्च

रात्रभर मनाला लागून राहिलं. म्हणजे ऋतू नव्हता. आणि दुकान चालत होतं ते माझ्या हातामुळे की त्यांच्या घड्याळामुळे? उसन्या वाऱ्यावर शीड फुगवून मी ताईला दिमाखाने सांगत होते की चाललं हो माझं. हे असं असेल तर मेमध्ये सामान बांधायला हवं. बोली म्हणजे बोली.

सकाळी त्यांना म्हटलं, "भिंत वाळलीय. घड्याळ घेऊन जा."

ते ओशाळले. भिंग कपाळावरून काढून हातात घेतलं, पुसलं, पुन्हा चढवलं. "बाई, मला तसं—"

"मी रागावले नाही. पण मला कळायला हवं. माझ्यासाठी कोणी वळतं का, ते मला बघायचंय. तुम्हीही कोणाची बटणं ओढायची नाहीत, मीही कोणाची घड्याळं मागे पाडणार नाही. कबूल?"

"कबूल," ते म्हणाले. दोघांनी मिळून घड्याळ उतरवलं. जाताना चौकात दोघेही आधी एकाच बाजूला सरकलो, मग दोघेही दुसऱ्या, घड्याळ मध्ये. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही थांबा, मी फिरतो."

११ एप्रिल

बरण्यांकडे बघायची भीती वाटते. पहिला आठवडा सुनासुना गेला. भिंतीवर घड्याळाच्या जागी चौकोनी उजळ डाग राहिला आहे.

ताईने तिचे कपडे काढून पलंगावर घड्या घालून ठेवायला सुरुवात केली. माझे काढले नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "तुझं तू बघ. मी काही तुझा हात धरून ओढणार नाही."

१७ एप्रिल

आज एक बाई धापा टाकत जिना चढून आली. उजवीकडे बघितलं नाही, डावीकडे बघितलं नाही, चौकातच ओरडली, "त्या मोजेवाल्या आजोबांनी सांगितलेल्या रफूवाल्या बाई कुठे बसतात?" हातात तिच्या वडिलांची शाल. मी तिला काय सांगितलं आठवत नाही. सुईत दोरा काही केल्या जाईना.

तिच्या मागून शालूवाली आली, जावेला घेऊन. त्यांच्या मागे शाळेतली माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतःच प्रौढ झालेली, मुलाची पॅन्ट घेऊन. बाकावर जागा उरली नाही. वरून उतरलेला एक दातदुखीवाला गाल धरून उभाच राहिला.

संध्याकाळी लक्षात आलं, दिवसभर बरणीत बटण टाकायचं राहूनच गेलं.

२८ एप्रिल

गर्दी टिकली आहे. समोरही बरी वर्दळ आहे. त्यांचं घड्याळ पुन्हा दारासमोर झुलतंय आणि माणसं तिकडेही जातात. ज्याचं घड्याळ बंद तो तिकडे, ज्याचं कापड फाटलं तो इकडे. इतक्या साध्या गोष्टीसाठी मी बागेतल्या कारंज्याशी जाऊन उभी राहिले होते!

ताईला सांगितलं, मी राहते. तिने हातातली घडी पलंगावर ठेवली. मग तिने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, मी सात वर्षांची असल्यासारखे. म्हणाली, "फाटकाशी भेटू, म्हणजे झालं."

९ मे

उन्हाने जीव नकोसा झाला आहे. लोक साध्या सदऱ्यात घामाघूम होतात. आणि घड्याळवाले कोट घेऊन आले. मधलं बटण. माझंच लावलेलं, दुहेरी दोऱ्याचं, खाली आधाराचं बटण असलेलं, जन्मात न निघणारं.

मी कोट मांडीवर घेतला. बटणाच्या जागी कापडावर बारीकशी चीर होती, सरळ, अगदी केसासारखी. दाढीच्या ब्लेडची. दुहेरी दोरा जाड, कापताना हात घसरला असणार.

ते बाकावर बसून छताकडे बघत होते. माझं दुकान आता भरलेलं आहे, हे त्यांना दिसतंय. मला मदतीची गरज उरलेली नाही, हेही. नुसती कीव असती तर मार्चमध्येच थांबली असती.

 आधी चीर रफू केली, मग बटण लावलं. डाव्या हाताने. वेळ लागला, आणि तो कोणालाच जास्त वाटला नाही.

"दोरे कच्चे येतात हल्ली," ते म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं.

घरी येऊन ताईला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "जानेवारीपासून बघतेय मी! अगं, आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं."

२४ मे

उद्या टेम्पो येणार. भाचा दांडगा आहे, हाताला लागेल ते गाडीत चढवेल, म्हणून आताच लिहून दाराला लावते, आणि इथेही उतरून ठेवते.

ताईची आरामखुर्ची ताईबरोबर. पितळी डबे तिचे, मोठी कढई तिची, आणि भांडण नको म्हणून मोठा पलंगही तिचा. मला खिडकीजवळची खाट पुरते. आईची शिवणाची मोठी कात्री आणि शिवणयंत्र यांना कोणी हात लावायचा नाही, ती दुकानात जातील.

आम्हा दोघींचा रिबिनी बांधलेला फोटो ताईला. त्याची चौकट मात्र माझ्याकडे राहील. ती म्हणते हा कुठला न्याय. न्याय नाही, पण चौकट न्यायला तिला यावं लागेल.

उजवी बरणी, बटणांसकट, ताईच्या नातीला. त्यात लाल आणि निळी पुष्कळ आहेत. गिळू देऊ नये. डावी बरणी रिकामी करून वरच्या डॉक्टरांना, कापूस ठेवायला. त्यांची माझ्यावर बरीच उधारी आहे, गिऱ्हाइकांची. जुनी छत्री पोस्टमनला, आणि त्याच्या टोपीची पट्टी मी शिवून ठेवली आहे, तीही.

माझी छोटी बाकदार कात्री, जी मी कोणाला देत नाही, ती समोर घड्याळवाल्यांना. ताईनेच जाताना चौकात थांबून द्यावी, आणि सांगावं की ब्लेडने कापडाला इजा होते, दोरा कापायचाच तर या कात्रीने कापावा. शिवाय एवढ्या उन्हात कोट कशाला आणायचा? सदऱ्यालाही बटणं असतात.